पावडर कोटिंग केलेल्या ओतीव रायफल गोळ्यांसाठी शिशाचा मिश्रधातू किती कठीण असावा?

सस्क्वेहाना

नमस्कार. मी पेनसिल्व्हेनियात राहतो आणि क्लबच्या रेंजवर शंभर यार्डांवरून कागदी लक्ष्यावर नेमबाजी करतो. शिकार करत नाही. रायफल .३०८ विंचेस्टरची, बोल्ट पद्धतीची असून नळीतील आट्यांचा, म्हणजे आतल्या पिळदार कंगोऱ्यांचा, पीळ दहा इंचांना एक फेरा असा आहे. गेल्या वर्षापासून मी गोळ्या स्वतः ओतू लागलो. साचा १६५ ग्रेन वजनाच्या गोळीचा असून तिच्या बुडाला तांब्याच्या मिश्रधातूची टोपी, म्हणजे गॅस चेक, बसते. शिसे म्हणून मी मोटारीच्या चाकांना लावतात ती क्लिपची जुनी वजने वापरतो आणि त्यात साधारण एक टक्का कथील मिसळतो.

माझी अडचण अशी आहे. साच्यातून निघालेल्या गोळ्या मी थेट थंड पाण्यात टाकतो. आठवड्याने त्यांचे काठिण्य मोजले, तेव्हा ते ब्रिनेल मापाने २० आले आणि मला फार आनंद झाला. त्यानंतर मी गोळ्यांना पॉलिएस्टर पावडर लावली, त्या टोस्टर ओव्हनमध्ये २०० अंश सेल्सियसला वीस मिनिटे भाजल्या आणि बाहेर काढून ट्रेमध्येच निवू दिल्या. पुन्हा मोजले तर आकडा १२ वर आला होता. मोजणीत चूक झाली असेल असे समजून मी वेगवेगळ्या घाण्यांतल्या गोळ्या घेऊन तीन वेळा तपासले, पण उत्तर तेच आले.

सेकंदाला १७०० फूट वेगाच्या आसपास पाच गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पसारा, दीड इंचात बसतो, मात्र २१०० फुटांच्या जवळ गेलो की तोच ग्रुप चार-पाच इंचांपर्यंत फाकतो. नळी स्वच्छ राहते; आट्यांत शिशाचा लवलेशही सापडत नाही. म्हणून प्रश्न असा, की कोटिंग केलेल्या रायफल गोळीसाठी काठिण्याचा नेमका कोणता आकडा धरावा? पूर्वीचे २० परत मिळवता येईल का, की सरळ लायनोटाइपचा, म्हणजे छपाईच्या ओळी ओतणाऱ्या यंत्राचा, धातू विकत घ्यावा? छपाईचे जुने सामान विकणाऱ्या एका माणसाकडे तो मिळतो आहे, पण किंमत बरीच आहे.

ओतशाळा

मी ओहायोमध्ये धातूंच्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून आपल्या प्रश्नाच्या पहिल्या भागाला उत्तर देते. आपल्या उपकरणात काही दोष नाही. आपण पाण्यात टाकून जे कमावले, ते ओव्हनमध्ये भाजताना गमावले.

चाकांच्या वजनांत साधारण तीन टक्के अँटिमनी, किंचित कथील आणि आर्सेनिकचा अंश असतो. घन शिशात अँटिमनी किती विरघळते, हे तापमानावर अवलंबून असते: २५२ अंशांना सुमारे साडेतीन टक्के विरघळते, तर घरातल्या तापमानाला एक टक्कासुद्धा नाही. साखरेच्या पाकाची आठवण ठेवली तर हे सहज समजेल. गरम पाण्यात भरपूर साखर मावते आणि पाक सावकाश निवला की जाड खडे धरतात, तीच आपली खडीसाखर. गोळी साच्यातून निघताच पाण्यात पडली की अँटिमनीला बाहेर येऊन मोठे कण धरायला सवड मिळत नाही आणि ते शिशातच अडकून राहते. पुढच्या काही दिवसांत ते अत्यंत बारीक कणांच्या रूपाने ठिकठिकाणी बाहेर पडते, आणि हे बारीक, दाट विखुरलेले कण शिशाच्या स्फटिकांना एकमेकांवरून घसरू देत नाहीत, म्हणून काठिण्य वाढते. आर्सेनिकचा अंश या क्रियेला हातभार लावतो. तीच गोळी आपण २०० अंशांना वीस मिनिटे ठेवून ट्रेमध्ये सावकाश निवू दिलीत, तेव्हा बारीक कण काही विरघळले, काही एकत्र येऊन जाड झाले, आणि आपल्या हाती हवेत निवलेल्या साध्या गोळीचे काठिण्य उरले. वजनांच्या धातूसाठी ते ११ ते १२ असतेच.

यावर उपाय असा, की साच्यातून पाण्यात टाकण्याचा खटाटोप सोडून द्यावा आणि भाजून झालेल्या गोळ्या ओव्हनमधून काढल्याबरोबर गार पाण्यात ओताव्यात. २० पूर्ण परत मिळण्याची अपेक्षा मात्र ठेवू नये, कारण २०० अंशांना जेवढे अँटिमनी विरघळते तेवढेच आपल्याला अडकवता येते. १५ ते १७ च्या दरम्यान आकडा आला तर काम नीट झाले असे समजावे. ओव्हन २३० अंशांवर नेण्याचा मोह होईल, पण शिसे, अँटिमनी आणि कथील एकत्र असले की २४० अंशांच्या आसपास धातूचा काही भाग वितळू लागतो. टोस्टर ओव्हनची तबकडी दाखवते त्यापेक्षा आतले तापमान पंधरा-वीस अंशांनी सहज वरखाली होत असते, त्यामुळे एखादे दिवशी ट्रेमध्ये गोळ्यांऐवजी थापट्या सापडतील. आत वेगळा थर्मामीटर ठेवल्याशिवाय हा प्रयोग करू नये.

आणखी दोन बारकावे सांगते. पाण्यात टाकलेली गोळी पूर्ण कठीण झाल्यावर सायझिंगच्या डायमधून, म्हणजे नेमक्या व्यासाच्या पोलादी भोकातून, दाबून काढली, तर दाबला गेलेला पृष्ठभाग पुन्हा नरम पडतो. पोलादाला ठोकून कठीण करणाऱ्यांना हे उलटे वाटेल, पण शिशाच्या मिश्रधातूंचे वागणे असेच आहे. त्यामुळे गॅस चेक बसवणे आणि सायझिंग ही कामे त्याच दिवशी उरकावीत आणि काठिण्य आठवड्यानंतर मोजावे. दुसरे म्हणजे, ज्या धातूत फक्त शिसे आणि कथील आहे, तो पाण्यात टाकून काही केल्या कठीण होत नाही, कारण तिथे अडकवायला अँटिमनीच नसते. चाकांना चिकटवतात त्या पट्टीच्या वजनांचे शिसे जवळजवळ शुद्ध असते, त्याची गतही हीच. कथील दोन टक्क्यांच्या वर घालू नये. साचा नीट भरण्यासाठी तेवढे पुरते, आणि त्याच्या भावात त्याहून जास्त घालणे परवडतही नाही.

टोस्टर ओव्हन घरात कुठे ठेवला आहे, हे आपण लिहिलेले नाही. तो स्वयंपाकघरात असेल तर बाकी सगळे बाजूला ठेवून आधी तो तिथून हलवावा.

जुना लिव्हरवाला

ओतशाळाताईंनी धातूविषयी जे लिहिले त्यात मला दुरुस्ती करायची नाही. प्रश्नाच्या मांडणीविषयी मात्र माझे वेगळे मत आहे. मी मॉन्टानात राहतो. वीस वर्षांहून अधिक काळ मी ओतीव गोळ्या वापरत आलो आहे, आधी वंगण भरलेल्या आणि आता कोटिंग केलेल्या, आणि या काळात सर्वांत जास्त वेळ मी कशावर वाया घालवला असेल तर तो काठिण्याच्या आकड्यावर.

वंगणाच्या काळात काठिण्याला महत्त्व होते, कारण उघडे शिसे थेट नळीच्या पोलादावर घासले जाई आणि बुडाशी तापलेला वायू गळून गोळीची कड कापत असे. कोटिंगने ही दोन्ही दुखणी जवळजवळ संपवली. आपली नळी स्वच्छ राहते असे आपणच लिहिले आहे, म्हणजे कोटिंग आपले काम चोख बजावते आहे. काठिण्याकडे आता एकच काम उरले, ते म्हणजे दाबाचा धक्का बसून आट्यांत शिरताना गोळीने वाकू नये, चेपू नये आणि आट्यांवरून घसरू नये.

काठिण्याला १४२२ ने गुणले की गोळीला सोसेल तेवढा दाब पौंड प्रति चौरस इंचात मिळतो, हे सूत्र आपल्या वाचनात आलेच असेल. ब्रिनेल या स्वीडिश अभियंत्याने १९०० साली मांडलेले हे माप किलोग्रॅम प्रति चौरस मिलिमीटरमध्ये असते, आणि एका किलोग्रॅम प्रति चौरस मिलिमीटरचे १४२२ पौंड प्रति चौरस इंच होतात. म्हणजे त्या सूत्रात एककांच्या बदलापलीकडे काहीही नाही. ते अक्षरशः मानायचे ठरवले तर १२ काठिण्याच्या गोळीने १७,०६४ च्या पुढे जाऊच नये, पण गॅस चेक लावलेली कोटिंगची गोळी त्याच्या वरही व्यवस्थित चालते, हे आमच्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. छापील पुस्तकातल्या ओतीव गोळीच्या मर्यादा सोडून दाब वाढवावा, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. हे सूत्र उपयोगी पडते ते एवढ्यापुरतेच, की ते आपल्याला सावकाश चालायला लावते.

आता आपल्या नळीच्या पिळाकडे पाहू, कारण माझ्या मते दुखणे तिथे आहे. वेगाला ७२० ने गुणून पिळाच्या इंचांनी भागले की गोळीचे मिनिटाला होणारे फेरे मिळतात. दहा इंचांच्या पिळात १७०० फुटांना १,२२,४०० फेरे होतात आणि २१०० फुटांना १,५१,२००. बारा इंचांचा पीळ असता तर त्याच २१०० फुटांना १,२६,००० झाले असते. ओतीव गोळीत कुठेतरी सूक्ष्म पोकळी राहते, कोटिंग एका अंगाला जाड बसते, गोळी नळीत किंचित कलून शिरते. फेरे कमी असतात तोवर हे दोष खपून जातात, पण फेरे वाढले की नळीबाहेर पडताच ते गोळीला बाजूला फेकू लागतात. १,२०,००० ते १,४०,००० फेऱ्यांच्या पट्ट्यात ग्रुप फाकू लागतो, हा अनुभव पुष्कळांचा आहे. तो काही निसर्गनियम नव्हे. उत्तम ओतलेली, अचूक बसणारी गोळी पुढेही जाते. पण आपला चांगला ग्रुप त्या पट्ट्याच्या खालच्या टोकाशी आहे आणि फाकलेला ग्रुप त्याच्या पलीकडे, हे डोळ्यांआड करता येणार नाही.

गोळी कठीण केल्याने हे दोष कमी होणार नाहीत. झालाच तर नवे दोष पडण्याला थोडा आळा बसेल. त्याऐवजी माप तपासा. कोटिंगने व्यासात दोन ते तीन थाऊ, म्हणजे सहस्रांश इंच, भर पडते. मागच्या भागाचे ठीक आहे, तो आपण सायझिंगने .३०९ किंवा .३१० वर आणता. पण गोळीचे नाक सायझिंगच्या डायमध्ये येतच नाही. आट्यांच्या माथ्यांमधले अंतर आपल्या नळीत .३०० इंच असायला हवे, आणि साच्यातले नाक .३०१ चे असेल तर कोटिंगनंतर ते .३०३ होते. अशी गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या काडतुसाच्या घरात, नेताना बोल्ट जड लागतो, नाक आट्यांत ताठ घुसते आणि पुष्कळदा वाकडे घुसते. कोटिंग केलेल्या गोळीचे नाक मायक्रोमीटरने मोजून इथे लिहावे, अशी विनंती.

कोटिंग पुरते भाजले गेले आहे की नाही, हेही एकदा पाहावे. ॲसिटोनमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसल्यावर रंग उतरता कामा नये, आणि ऐरणीवर हातोड्याने गोळी चपटी केली तरी थराचे पापुद्रे सुटता कामा नयेत.

मग आकडा कोणता? १८०० फुटांपर्यंत १२ पुरेसा आहे, तो बदलण्याची गरज नाही. २००० च्या वर जायचेच असेल तर ओव्हनमधून पाण्यात टाकून येणारे १५-१६ वापरून पाहावे. यापलीकडे मी जाणार नाही.

खिळेजुळारी

मी पुण्याचा. आमच्या देशात परवान्याशिवाय काडतुसे किंवा त्यांचे भाग तयार करणे १९५९ च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे आणि मला बंदुकीतले काही कळतही नाही. पण लायनोटाइपचे नाव वाचून राहवले नाही. छापखान्यात माझी उमर गेली. खिळे, म्हणजे छपाईची सुटी धातूची अक्षरे, जुळवण्यापासून सुरुवात करून पुढे मी यंत्राच्या भांड्यातल्या धातूची देखरेख करीत असे.

लायनोटाइपच्या धातूत ढोबळमानाने ८४ भाग शिसे, १२ भाग अँटिमनी आणि ४ भाग कथील असते. हे प्रमाण कोणी हौसेने ठरवलेले नाही. या प्रमाणात मिश्रधातू सुमारे २४० अंशांना जवळजवळ एकदम वितळतो आणि तसाच एकदम गोठतो, मध्ये चिखलासारखी अवस्था फारशी येत नाही. यंत्राला एकामागून एक ओळी झरझर ओतायच्या असल्याने ते आवश्यक होते. मोनोटाइपमध्ये अक्षरे सुटी ओतली जातात आणि ती छपाईत जास्त झिजतात, म्हणून त्या धातूत अँटिमनी १९ आणि कथील ९ टक्क्यांपर्यंत असे. आमचा धातू कठीण होता, पण ठिसूळही होता. फरशीवर पडलेल्या खिळ्याचा कोपरा उडाला नाही असे क्वचितच घडे. गोळीला असा ठिसूळपणा चालतो का, हे जाणकारांनी सांगावे.

एक गोष्ट मात्र अधिकाराने सांगू शकतो. भांड्यातला धातू पुन्हा पुन्हा वितळवला की वर मळी धरते, आणि ती नुसती काढून फेकली तर तिच्याबरोबर कथील आणि अँटिमनी निघून जाते. म्हणून छापखान्यात ठरावीक काळाने जादा कथील आणि अँटिमनी असलेला भर-धातू मिसळत असत. तेव्हा जुना धातू ‘लायनोटाइप’ म्हणून घेतला तरी त्यात बारा टक्के अँटिमनी उरले असेलच, असे गृहीत धरू नये.

ओतशाळा

काकांचे निरीक्षण अगदी बरोबर आहे. लायनोटाइपचे काठिण्य २२ च्या आसपास असते, पण कागदी लक्ष्यासाठी त्याची गरज नाही, आणि शिकारीत अशी ठिसूळ गोळी प्रसरण न पावता फुटू शकते, म्हणून नरम गोळी बरी मानतात. (कॅलिफोर्नियात तर १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्या वापरायलाच बंदी आहे.) लायनोटाइपचा खरा उपयोग मसाल्यासारखा करावा. शुद्ध शिशाच्या तीन भागांत त्याचा एक भाग मिसळला की तीन टक्के अँटिमनी आणि एक टक्का कथील असलेला मिश्रधातू तयार होतो, म्हणजे आपल्या चाकांच्या वजनांसारखाच. वजने मिळेनाशी झाल्यावर हेच करावे लागेल, कारण इथल्या अनेक राज्यांनी शिशाच्या वजनांवर बंदी घातली आहे आणि बादलीत जस्ताची आणि लोखंडाची वजने वाढत चालली आहेत. जस्त ४१९ अंशांना वितळते. भांडे ४०० च्या खाली ठेवले तर ते वर तरंगते आणि झाऱ्याने काढता येते. एकदा का ते शिशात मिसळले, की साचा नीट भरत नाही आणि अख्खा घाणा हातचा जातो.

ओव्हनच्या जागेबद्दल आपले उत्तर अजून आलेले नाही.

सस्क्वेहाना

उशिरा उत्तर देतो आहे, कारण मधल्या तीन आठवड्यांत मी मोजमापे करत होतो. ताईंची शंका खरी होती. ओव्हन स्वयंपाकघराच्या ओट्यावरच होता. आता तो गॅरेजमध्ये दाराजवळ हलवला आहे, तिथे खाण्यापिण्याचे काही नेत नाही, मळी झाकणाच्या डब्यात ठेवतो, आणि घरात लहान मूल असल्याने आम्हा तिघांच्या रक्तातील शिशाची तपासणी डॉक्टरांना सांगून करवून घेतली आहे. मुलाचे आणि पत्नीचे आकडे अगदी कमी आले. माझा थोडा वर आहे, म्हणून सहा महिन्यांनी पुन्हा तपासायचे ठरले आहे.

आता गोळ्यांविषयी. कोटिंग केलेल्या गोळीचे नाक .३०३ पेक्षा किंचित जास्त भरले. बोल्ट जड लागतो हे मला पूर्वीही जाणवत होते, पण नवी रायफल आहे म्हणून तसे असेल असे मी धरून चाललो होतो. पावडर हलवण्याच्या डब्यात गोळ्या कमी घातल्या, जास्तीची पावडर झटकली आणि एकच पातळ थर दिला, तेव्हा नाक .३०२ वर आले आणि बोल्ट सहज मिटू लागला.

नंतर एकाच घाण्यातल्या गोळ्यांचे दोन भाग केले. अर्ध्या ओव्हनमधून थेट पाण्यात टाकल्या, अर्ध्या ट्रेमध्ये निवू दिल्या. आठवड्याने आकडे १६ आणि १२ आले. दोन्हींचे दहा-दहा गोळ्यांचे ग्रुप घेतले. १७५० फुटांना दोन्ही ग्रुप दीड इंचाच्या जवळपास बसले आणि कोणता कोणाचा हे कागद पाहून सांगता आले नसते. २००० फुटांना कठीण गोळीचा ग्रुप अडीच इंचांचा आणि नरम गोळीचा तीन इंचांचा आला. नाकाचे माप सुधारल्याने झालेला फायदा पाण्याच्या बादलीपेक्षा मोठा दिसतो. १७५० वर समाधान मानून मी सध्या १२ काठिण्यच वापरणार आहे.

जुना लिव्हरवाला

दहा गोळ्यांचा एकेक ग्रुप म्हणजे अजून पुरावा झाला नाही. अडीच आणि तीन इंचांतला फरक दुसऱ्या दिवशी उलटाही होऊ शकतो. असे आणखी दोन-तीन ग्रुप घ्यावेत. नाकाची मात्र पुन्हा वेगळी परीक्षा घ्यायची गरज नाही. बोल्ट सहज मिटतो, एवढे पुरे आहे.

सस्क्वेहाना

मान्य आहे, पुढच्या महिन्यात घेतो. लायनोटाइपची मोठी खरेदी रद्द केली, पण त्या विक्रेत्याने नमुना म्हणून दहा पौंड दिले होते, ते ठेवून घेतले. काकांसाठी सांगतो, त्यात अजून न वितळवलेल्या ओळी आहेत. एका पट्टीवर उलट्या अक्षरांत मक्याचा भाव वाचता येतो. ती तेवढी मी बाजूला काढून टेबलावर ठेवली आहे.